साधा अंत्यविधी : आधी ठरवून ठेवायच्या काही गोष्टी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सभासद-मेळाव्यात, बडोदे येथे, अंत्यविधी-साहाय्य समितीच्या वतीने झालेले भाषण)



महोत्सवाच्या मांडवात मरणाचा विषय काढू नये, असे कार्यक्रमपत्रिका ठरत असताना काही ज्येष्ठांनी सुचवले होते. त्यांच्या भावनेचा मान राखून अध्यक्षांनी एवढीच तडजोड केली की, विषय पत्रिकेत ठेवला, पण पंगती उठल्यानंतर ठेवला. तेव्हा तृप्त होऊन बसलेल्या आपणां सर्वांपुढे समितीच्या वतीने काही व्यावहारिक गोष्टी मांडतो.

आपल्या साहाय्यनिधीकडे बहुतेक अर्ज येतात ते शिक्षणासाठी आणि औषधपाण्यासाठी. ते वाचताना आम्हाला फारसे जड जात नाही. जड जातो तो एका विशिष्ट प्रकारचा अर्ज. घरात मृत्यू झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी तो येतो. विषय लिहिलेला असतो, ‘मुलीची कॉलेजची फी’. चौकशीला घरी गेले की कळते, फीचे पैसे वास्तविक बाजूला काढून ठेवलेले होते. ते तेराव्याच्या जेवणावर, फुलांनी सजवलेल्या गाडीवर आणि वर्तमानपत्रातल्या फोटोवर गेले. घरची बाई विचारते, ‘त्यांच्यासाठी एवढेही करायचे नव्हते का?’ या प्रश्नाला त्या घरात बसून उत्तर देता येत नाही. म्हणून ते आज, इथे द्यायचे आहे. आज आपल्यापैकी कोणाच्या दारी तिरडी बांधायची घाई नाही.

आमचा इतक्या वर्षांचा अनुभव असा की, दहन हे मुळात फार खर्चाचे काम नाही. खर्च वाढतो तो पहिल्या तीन-चार तासांत आणि पुढे दहाव्या ते तेराव्या दिवसांत. पहिल्या तासांत घरच्यांना सुचत नसते आणि जो येईल तो मागेल ते दिले जाते. दवाखान्याच्या फाटकाशीच कोणीतरी भेटतो, ‘गाडी, सामान, भटजी, सगळे आमच्याकडे’ म्हणतो, आणि आकडा सांगतो. त्या वेळी घासाघीस करणे माणसाला लाजिरवाणे वाटते. वाटायचेच. म्हणून घासाघीस करण्याचे काम घरच्या माणसाकडे नसावे. शेजारचा, दूरच्या नात्यातला किंवा समितीतला एक जण पैसे हातात घेईल, प्रत्येक पावती एका पाकिटात टाकील आणि तेराव्यानंतर हिशेब देईल, एवढी एक गोष्ट केली तरी निम्मा गोंधळ कमी होतो.

सामान म्हणाल तर फार थोडे लागते. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, सुंभ किंवा सुतळी, थोडे गवत, मांजरपाटाचे नवे कापड, मातीचे मडके, तुळस, गंगेचे पाणी असल्यास ते, हळदकुंकू किंवा बुक्का, आणि विस्तवासाठी गोवऱ्या. हे सारे आपल्या कार्यालयामागच्या खोलीत बांधून तयार असते व सभासदांना मोबदला न घेता मिळते. तरीही लोक बाजारातून आणतात, कारण ‘संस्थेचे सामान’ म्हटले की कमीपणा वाटतो. मांजरपाट कोठून आणला हे जाणाऱ्याला कळत नाही आणि पोचवायला आलेल्यांपैकी कोणी विचारीत नाही. आणखी एक. आपल्याकडे शेजारधर्माने देहावर शाली घालण्याची चाल आता वाढली आहे. त्या शाली स्मशानात काढून बाजूला ठेवाव्या लागतात. तेवढेच पैसे एका पाकिटात घालून घरच्यांच्या हाती दिले तर त्याचा उपयोग होईल. कोणी रागावले तर समितीचे नाव सांगावे.

आता दहनाविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत.

लाकडाच्या उघड्या चितेला साधारण तीनशे ते चारशे किलो लाकूड लागते. पावसाळ्यात लाकूड ओले असले तर याहून अधिक. इथे एक फसगत नेहमी होते. आपले वडीलधारे ‘आठ मण लाकूड’ असे सांगतात, ते जुन्या मणाच्या हिशेबाने; तो मण सदतीस किलोंच्या थोडा वर होता. गुजरातेत आजच्या बाजारात मण म्हणजे वीस किलो. तेव्हा आठ मण म्हणजे तीनशे किलो की एकशे साठ, हे दोघांच्या डोक्यात दोन तऱ्हेने असते आणि मग चिता अर्धी जळल्यावर धावाधाव होते. लाकूड मागावे ते किलोंत मागावे. खाली जाड ओंडके, मध्ये हवा खेळेल अशी जागा, वर मध्यम फाटा. रचणारा जाणता असला तर तुपाचे डबे ओतावे लागत नाहीत. दिल्लीच्या ‘मोक्षदा’ या संस्थेने १९९२ पासून लोखंडी जाळीवर चिता रचण्याची पद्धत प्रचारात आणली आहे. खालून हवा मिळत असल्याने तिला दीडशे-दोनशे किलो लाकूड पुरते. ज्यांना लाकडाचीच चिता हवी त्यांनी अशी सोय जवळ आहे का, हे आधी विचारून ठेवावे.

आपल्या शहरात विश्वामित्रीकाठच्या खासवाडी स्मशानात गॅसच्या चितेची सोय झालेली आहे, आणि आमचा स्वच्छ कौल तिच्या बाजूला आहे. तीत दीड-दोन तासांत दहन पुरे होते, पाऊस आडवा येत नाही, आणि रक्षा त्याच दिवशी हाती मिळते. रात्री उशिरा परतणाऱ्या चार म्हाताऱ्या खांदेकऱ्यांच्या दृष्टीनेही ते बरे. ‘भट्टीत ढकलले’ असे काही जण अजून म्हणतात. ऐकायला कठोर वाटते, पण घरच्या मुलाने किंवा मुलीने पेटता दर्भ अथवा कापूर लावून मंत्राग्नी द्यायचा तो इथेही देतातच. पुढचे काम लाकडाच्या ऐवजी वायू करतो, इतकेच. तिसऱ्या दिवशीच सावडण्याचा ज्यांचा नेम असेल, त्यांनी अस्थींचे मडके नाव लावून तोवर तेथे ठेवता येईल का, हे जाताच विचारावे.

भट्टीसाठी काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. हृदयात बसवलेला पेसमेकर असेल तर तो दहनापूर्वी डॉक्टरांकडून काढून घ्यावा. त्यातली बॅटरी उष्णतेने फुटते आणि भट्टीचे, प्रसंगी माणसांचेही, नुकसान होते. ही गोष्ट घरचे विसरतात, म्हणून दवाखान्यातच आठवण करावी. नायलॉनचे पातळ, फोमची उशी, प्लॅस्टिकची फुले, गंगाजलाची बंद बाटली यांपैकी काही आत जाऊ देऊ नये. तिरडीचे बांबू बाहेरच राहतात. अंगावरचे दागिने घरीच मोजून उतरवावेत आणि ते दोघांसमक्ष उतरवावेत. असे म्हटल्याचा कोणी विषाद मानू नये. यावरून भावाभावांत बोलणे बंद झालेले आम्ही पाहिले आहे.

‘पण शास्त्र काय म्हणते?’ हा प्रश्न आम्हाला दर वेळी विचारला जातो. आम्ही शास्त्री नव्हे. तरी एवढे ठाऊक आहे की, आश्वलायन गृह्यसूत्राच्या चौथ्या अध्यायात अंत्येष्टीचे वर्णन आहे, आणि त्यातल्या कितीतरी गोष्टी आपल्या पणजोबांच्या आधीच गळून पडलेल्या आहेत. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात, जो १९५३ साली प्रसिद्ध झाला, अंत्येष्टीचा व आशौचाचा विचार केला आहे. तो नुसता चाळला तरी शाखेशाखेत आणि प्रांताप्रांतात विधी किती वेगवेगळा होत आला आहे, हे दिसते. म्हणजे कालमानाप्रमाणे काही सोडणे हे आपण नव्याने करीत नाही.

याचे एक दूरदेशीचे उदाहरण आपल्या मराठी मंडळींनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्स येथे वारले. वय अवघे वीस. त्या नगरात दहनाची रीत नव्हती; खास परवानगी मिळवावी लागली. बरोबरच्या लोकांनी आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर चिता रचून संस्कार केला. पुढे त्या जागी त्यांचे स्मारक उभारले गेले, ते आजही आहे. एका छत्रपतीचा संस्कार परक्या नदीकाठी होऊ शकला, तर आपल्या घरचा संस्कार विश्वामित्रीकाठी साधेपणाने झाला म्हणून उणा ठरत नाही.

आता पुरोहितांविषयी. दक्षिणा किती, कोणकोणत्या दिवशी यायचे, साहित्य कोणी आणायचे, हे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोलून घ्यावे. आणि ठरलेले द्यावे. तेराव्याला रडकुंडीला येऊन कमी करू नये. किरवंतांना एरवी मंगलकार्याला न बोलावणारा आपला समाज या दिवशी मात्र त्यांच्याकडे मोठी अपेक्षा ठेवतो, ही गोष्ट आम्हाला फार बोचते. दुसरी गोष्ट अशी की, जे चालले आहे त्याचा अर्थ घरच्यांना कळावा. हा विचार बडोद्याला नवा नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९१५ साली पुरोहितांविषयीचा कायदा झाला. पौरोहित्य करणाऱ्याने परीक्षा द्यावी आणि यजमानाला विधीचा अर्थ समजावा, असा त्याचा रोख होता. आज पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने मराठीत अर्थ सांगत संस्कार करण्याची पद्धत रूढ केली आहे आणि तेथे शिकलेल्या स्त्रियाही पौरोहित्य करतात. आपल्या घरी कोणाला विधी नकोच असेल, तर तेही ठीक. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला तेव्हापासून मध्यस्थावाचून संस्कार करणारी घरे मराठी समाजात आहेत. समितीकडे दोन्ही तऱ्हेचे लोक आहेत आणि आम्ही कोणालाही वाद घालीत नाही.

अग्नी कोणी द्यायचा, यावरून मात्र वाद होतात. आमचे मत असे की, ज्याने किंवा जिने शेवटपर्यंत केले त्याने किंवा तिने द्यावा. मुलगी हजर असताना दूरच्या पुतण्याची वाट पाहत देह ताटकळत ठेवणे आम्हाला योग्य वाटत नाही. आपल्यापैकी पुष्कळांची मुले अमेरिकेत, कॅनडात आहेत. त्यांच्यासाठी थांबायचे तर दवाखान्याच्या शीतगृहाचे किंवा बर्फाच्या पेटीचे भाडे दिवसागणिक चढते, आणि त्याहून जास्त, घरात थांबलेल्या म्हाताऱ्या जोडीदाराचे हाल होतात. मुलाने येताना सावकाश यावे आणि अस्थी घेऊन आपणां सर्वांबरोबर चांदोदला जावे, हे अधिक बरे. हे आईबापांनीच जिवंतपणी मुलाला सांगून ठेवले तर त्याच्या मनाला पुढे टोचणी राहत नाही. दुसऱ्या कोणी सांगून ती जात नाही.

अस्थिविसर्जनासाठी आपल्याला काशी-नाशिकच गाठले पाहिजे असे नाही. नर्मदा आणि ओरसंगचा संगम चांदोदला आहे. बडोद्याहून निघून त्याच दिवशी परतता येते. दोन माणसे आणि एक लहान कलश, एवढे पुरे. बस भरून जाण्याचे कारण नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो, पण हे लक्ष देऊन ऐकावे. मृत्यू घरी झाला तर शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यावा. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे या दाखल्याबद्दल डॉक्टरांनी शुल्क घ्यायचे नसते. दवाखान्यात मृत्यू झाला तर नोंदणीची खबर दवाखान्याने द्यायची असते. घरी झाला तर घरच्यांनी. मुदत एकवीस दिवसांची. ती चुकली तरी तीस दिवसांपर्यंत विलंबशुल्क भरून काम होते, पुढे वरिष्ठांची परवानगी लागते आणि वर्ष उलटले तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम. स्मशानातली पावती फाडून टाकू नका; नोंदणीला ती लागते. दाखल्यावरचे नाव आधार कार्डावरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळवून पाहा, कारण वडिलांचे नाव, आडनाव यांच्या क्रमातली लहानशी चूकही पुढे विधवेच्या पेन्शनला सहा-सहा महिने अडवते. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिसांना कळवल्यावाचून देह हलवू नये. तेथे घाई करून उपयोग नाही.

दवाखान्याच्या बिलाविषयीही एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बिलाची बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत हे स्पष्ट लिहिलेले आहे. बिल बुडवावे असा याचा अर्थ नव्हे. देणे ते देणेच. पण त्यासाठी मध्यरात्री मंगळसूत्र गहाण टाकण्याचे कारण नाही. असा प्रसंग आला तर समितीला फोन करावा, आम्ही दोघे जण सनदेची प्रत घेऊन येतो. तसेच, दहन आणि देह नेण्याची सेवा यांवर जीएसटी लागत नाही. कोणी बिलात तो लावला तर काढून टाकायला सांगावे.

ज्यांना नेत्रदान करायचे असेल त्यांच्या घरच्यांनी सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे आणि तोवर डोळ्यांच्या पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा. देहदानाची इच्छा असेल तर मेडिकल कॉलेजात आधी नाव नोंदवून घरच्यांना विश्वासात घ्यावे. त्या क्षणी मुलांनी नकार दिला तर फॉर्म कपाटातच राहतो.

आता उरला तेरावा. ज्या अर्जाची गोष्ट आम्ही सुरुवातीला सांगितली, तो इथेच जन्माला येतो. गाडगेबाबा १९५६ साली गेले. मर्तिकासाठी कर्ज काढून जेवणावळी घालू नका, हे त्यांनी खेड्याखेड्यांतून जन्मभर सांगितले. शहाणीसुरती शहरी माणसे त्यांच्या फोटोला हार घालतात आणि तेराव्याला दोनशे पाने मांडतात. आमची सूचना अशी : घरचे, खांदेकरी आणि ज्यांनी आजारपणात रात्री जागवल्या ते, एवढ्यांचे गोड जेवण करावे. ते घरीच होते, आचारी लागत नाही. इतरांसाठी आपल्या गुजराती शेजाऱ्यांचे बेसणे ही फार चांगली चाल आहे. आपल्यातल्या पुष्कळ घरांनी ती घेतलीही आहे. एक दिवस, एक-दीड तास ठरवून सगळे येतात, फुले वाहतात, हात जोडतात आणि जातात. नाहीतर तेरा दिवस सकाळ-संध्याकाळ येणाऱ्यांना चहा करता करता घरच्या सुनेला रडायलाही वेळ मिळत नाही. बेसण्याची बातमी फोनवरून सर्वांना पोचते. वर्तमानपत्रातली चौकट ज्याला परवडेल त्याने द्यावी, पण ती दिलीच पाहिजे असे मानू नये.

या सगळ्यासाठी समितीने एक छापील पत्रक केले आहे. त्यात आपण स्वतःच्या हाताने लिहायचे : लाकूड की गॅस, अग्नी कोणी द्यावा, विधी किती दिवसांचे, की नकोतच, अस्थी कोठे, नेत्रदान करायचे का, पेसमेकर आहे का, कोणा दोघांना सर्वांत आधी कळवावे, आणि खर्चाचे पैसे कोठे आहेत. शेवटची ओळ कोणी कोरी ठेवू नये. एकट्याच्या नावावरचे खाते मृत्यूची खबर लागताच बँक थांबवते, तेव्हा थोडी रक्कम पतिपत्नींच्या किंवा मुलीच्या जोडनावाच्या खात्यात असावी. खर्चाची मर्यादाही आकड्यात लिहावी. आपल्याच माणसाने आपल्या हाताने ‘इतकेच खर्च करा’ असे लिहून ठेवले असले की, आलेल्या पाहुण्यांपुढे घरच्यांना तो कागद दाखवता येतो. त्या बाईला ‘त्यांच्यासाठी एवढेही करायचे नव्हते का’ असे विचारावे लागणार नाही. त्यांनीच काय सांगितले होते, हे तिच्या हातात असेल.

पत्रके दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहेत. ज्यांचा हात कापतो त्यांच्यासाठी लिहून द्यायला समितीची दोन माणसे संध्याकाळपर्यंत तेथे बसतील. खाली सही मात्र ज्याची त्याने करावी. भरलेले पत्रक पाकिटात घालून घरातल्या दोघांना ठाऊक असेल अशा जागी ठेवावे. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नये. लॉकर उघडायला परवानगी मिळेपर्यंत तेरावा होऊन गेलेला असतो.